हद्द न ठरवता केलेला करार

गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी बेळगाव जिल्ह्यातल्या धुपदाळच्या करकोच्यांचा विषय काढला, तर चुलतभावाचं उत्तर तयारच होतं: "तू तिकडं बसून पक्षी मोज. हितं आधी पाटीवरची मराठी राहू दे." राग समजतो. २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेला कर्नाटकाशी सीमेचा दावा महाराष्ट्राच्या बाजूनं लागावा असं मलाही वाटतं. पण 'आधी सीमा, मग बाकीचं' हे काही पटत नाही.

मी राहतो नेदरलँड्समध्ये, ग्रोनिंगेनला. इथून जवळ डॉलार्ट नावाची खाडी आहे, पलीकडे जर्मनी. या खाडीत दोन देशांची हद्द नेमकी कुठून जाते यावर आजतागायत एकमत नाही! जर्मनी म्हणतो डच काठालगत, डच म्हणतात मुख्य प्रवाहाच्या मधोमध. १९६० साली त्यांनी करार केला तो असा, की तुमची हद्द तुम्ही धरा, आमची आम्ही. जहाजांचा मार्ग मात्र मिळून सांभाळू. १९९६ मध्ये त्याला पाणी आणि निसर्गाची पुरवणी जोडली. शेजारचा वाडन समुद्र तर डेन्मार्कला धरून तिघं सांभाळतात. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या त्या चिखलावर वर्षाला एक कोटीच्या आसपास स्थलांतरी पक्षी पोट भरून पुढे जातात, काही थेट पश्चिम आफ्रिकेपर्यंत.

इथं सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. मोठी जहाजं जावीत म्हणून एम्स नदी खोल करत नेली, तिचं पाणी गाळानं गढूळ झालं. दूधधंद्यापायी कुरणं लवकर कापतात, त्यात पाणटिवळ्यांची घरटी जातात. आणि हा डचांचा राष्ट्रीय पक्षी. पण मोजणी तिन्ही देश एकाच पद्धतीनं करतात, त्यामुळे आकड्यांवरून तरी हमरीतुमरी होत नाही.

आपल्याकडे हिवाळ्यात मध्य आशियातून हिमालय ओलांडून कांड्या करकोचे येतात. धुपदाळचं घटप्रभा अभयारण्य १९७४ चं. तिथं पोचणारं पाणी महाराष्ट्रातल्या चंदगडच्या डोंगरातलं. आंबोलीत उगम पावलेली हिरण्यकेशीही आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेलाच मिळते. म्हणजे वरच्या अंगाला उसाचं खत नि कारखान्यांचं सांडपाणी नदीत गेलं, तर भोगायचं खालच्यांनी, कन्नड-मराठी दोघांनी. दिल्ली २०२० साली गांधीनगरला जगभरच्या देशांना बोलावून स्थलांतरी प्राण्यांवर चर्चा करते. मग इकडच्या गडहिंग्लज आणि कर्नाटकातल्या हुक्केरीच्या वनाधिकाऱ्यांनी एका टेबलाशी बसायला काय हरकत आहे?

हरकत आहे, मला माहीत आहे. एकत्र सही केली की हद्द मान्य केली, अशी बोंब दोन्हीकडून उठेल. २०२५ च्या फेब्रुवारीत एका कंडक्टरला झालेल्या मारहाणीवरून दोन्हीकडच्या एसट्या थांबल्या होत्या, तिथं कागदावरच्या सहीचं काय! म्हणून पहिलंच कलम डॉलार्टसारखं हवं: 'या करारानं सुप्रीम कोर्टातल्या दाव्यात कुणाच्याही हक्काला बाध येत नाही.' ते सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून झगडणाऱ्या एकीकरण समितीनं आणि कन्नड संघटनांनीही आधी वाचून घ्यावं. दुसरं कलम, जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते ती दोन्ही राज्यांनी एकाच दिवशी करायची. तिसरं, नदीच्या पाण्याचे नमुने दोघांनी मिळून घ्यायचे.