सिंहासन कुठंय?

मे महिन्यात रत्नागिरीत तीन गोष्टी चुकत नाहीत: हापूस, घामोळं आणि पाहुणे. हापूस खाऊन संपवता येतो, घामोळ्याला पावडर आहे. पाहुण्यांना मात्र थिबा राजवाडा दाखवावा लागतो.

दिसतं तितकं हे काम सोपं नाही. पहिली मेख सोमवारची. राजवाड्यातलं वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद. पाहुणे शनिवारी रात्री उतरतात, रविवार भाट्याच्या समुद्रावर लोळण्यात जातो आणि राजवाडा नेमका सोमवारवर ढकलला जातो. मग फाटकाच्या गजांतून बोट करून ‘तो बघा वाडा’ म्हणायची पाळी येते. म्हणून वाडा रविवारी सकाळी आणि समुद्र संध्याकाळी, हा क्रम मोडू देऊ नये. कुणी चिडून ‘त्यापेक्षा ब्रह्मदेशातच जाऊ’ म्हणालं, तर यांगूनचं, म्हणजे जुन्या रंगूनचं, राष्ट्रीय संग्रहालयसुद्धा सोमवारी बंदच असतं हे शांतपणे सांगावं.

राजाची ओळख रिक्षात बसल्याबसल्या उरकून घ्यावी. दारात उभं राहून इतिहास सांगायला घेतला की निम्मे पाहुणे सावली शोधायला पसार होतात. चार वाक्यं पुरतात. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि राजाराणीला आधी मद्रासला, मग १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. हा वाडा तयार झाला १९१० साली, तोवर राजाचा मुक्काम बंगल्यांत. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला, म्हणजे रत्नागिरीत तीस वर्षं आणि त्यातली स्वतःच्या वाड्यात जेमतेम सहा. गावाला घर बांधायला काढलेले पाहुणे इथे न सांगता मान डोलावतात. ‘आपला बहादूरशहा तिकडे रंगूनला आणि त्यांचा राजा इकडे’ हे पाचवं वाक्य मी मुद्दाम गिळतो. ते भावोजींना स्वतः सुचतं आणि सुचू द्यावं. दिवसभर माणूस खूश राहतो.

आत शिरल्यावर जांभ्याच्या भिंती, उतरती छपरं, अर्धगोल लाकडी खिडक्या. खिडकीच्या रंगीत काचेतून आलेला कवडसा जमिनीवर पडलेला असतो आणि प्रत्येक घरातलं धाकटं पोर त्यात हात घालून ‘बघ, माझा हात रंगला’ म्हणतं. वाड्यातली सगळ्यात चांगली वस्तू तीच, असं माझं मत. मोठ्यांचं मत वेगळं असतं. दगडी मूर्ती बघून होतात, राजाच्या चीजवस्तू बघून होतात, आणि मग मावशी तो प्रश्न विचारतात.

“सगळं झालं रे, पण सिंहासन कुठंय?”

सिंहासन यांगूनला. इथून बंगालचा उपसागर ओलांडून पलीकडे.

आता पुढचं सांगायला निवांत जागा लागते, म्हणून मी मंडळींना व्हरांड्यात बसवतो. मंडालेच्या राजवाड्यात सिंहासनं एक नव्हे, नऊ होती, आठ प्रकारांची. प्रत्येकावर वेगळं चिन्ह आणि प्रत्येकाचं लाकूडही ठरलेलं. शंखाचं सिंहासन आंब्याच्या लाकडाचं, कमळाचं फणसाच्या, मोराचं पळसाच्या, हरणाचं उंबराच्या. इथे मावशी थांबवतात, “अरे, म्हणजे आपली परसबागच की!” बरोबर. सिंहाची सिंहासनं दोन आणि त्यांना शिवणीचं लाकूड. त्यातलं मंत्रिमंडळाच्या दालनातलं इंग्रजांनी कलकत्त्याला नेऊन तिथल्या संग्रहालयात मांडलं. बाकीची मंडालेला राहिली आणि १९४५ मध्ये युद्धाच्या आगीत राजवाड्याबरोबर जळून गेली. लुटून नेलं तेवढंच वाचलं. शेजारी मागून नेतात ती किसणीच तेवढी आमच्या घरात वर्षानुवर्षं शाबूत राहते, तसंच हे. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर १९४८ मध्ये ते परत गेलं.

राजाची आणखी रत्नजडित चीजवस्तू लंडनला गेली होती, ती १९६४ मध्ये परत मिळाली. ब्रह्मदेशाने त्यातला एक पक्ष्याच्या घाटाचा सोन्याचा पानाचा डबा लंडनच्याच संग्रहालयाला भेट दिला. आपलाच डबा परत मिळाल्याबद्दल आपलाच डबा आहेर! आमच्याकडे लग्नात फिरणाऱ्या स्टीलच्या डब्यांना हा व्यवहार नवा नाही.

“पण इथे जे होतं ते तरी नीट जपायचं,” असं कुणीतरी म्हणतंच. हा माणूस बहुतेक पुण्याचा असतो. त्याला जून ते सप्टेंबर इथे ठेवून घ्यावा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चामड्याच्या चपलेवर आठवड्यात हिरवी लव उगवते, पुस्तकांना कसर लागते, चौकटीला वाळवी. जरीतली चांदी खाऱ्या हवेत काळी पडते, आणि शालू वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवला तर तो घडीवरच चिरतो. म्हणून आमच्या आज्या दर वर्षी घडी बदलून ठेवत. मोठी संग्रहालयं तर जुनं कापड घडी न घालता नळकांड्यावर गुंडाळतात. लाकडाचं दुखणं आणखी वेगळं. ते दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. सतत दमट असलं तर निदान सवय होते, पण पावसाळ्यानंतर ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात तडा जातो तो जातोच. संग्रहालयात हवेतली आर्द्रता बारा महिने साधारण पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर धरून ठेवतात ती यासाठी. आम्ही कपाटात चाळीसचा बल्ब लावतो आणि पावसाळ्यात वीज जाते.

वाडा झाल्यावर समाधी. ती चुकवू नये, उन्हं उतरल्यावर जावं. राणी सुपयालात १९१९ मध्ये मायदेशी परतली. राजा आणि धाकटी राणी मात्र इथेच आहेत. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन समाधीला येऊन गेले. भावोजी तिथे दोन मिनिटं गप्प उभे राहतात. एरवी हे कधी घडत नाही.

पण ते संध्याकाळी. दुपारचा प्रश्न जेवणाचा. सिंहासन न दिसल्याची रुखरुख आणि पोटातली भूक एकत्र आली की पाहुणे फार चिरचिरे होतात, तेव्हा वाड्यातून निघतानाच घरी फोन करून भात टाकायला सांगावा. सोलकढी गार हवी. टेबल-खुर्च्या असल्या तरी पंगत खालीच घालावी. आमच्याकडचे पाट आजोबांनी परसातली शिवण पाडून करून घेतलेले आहेत. नव्वद वर्षांत त्यांना ना वाळवी शिवली, ना तडा गेला.

मावशींचे गुडघे दुखतात, त्या खाली बसायला कुरकुरतात.

“बसा हो मावशी,” मी पाट पुढे सरकवतो, “लाकूड तेच आहे.”