सव्वादोन मुलं

शाळेकडून आलेला चार पानी अहवाल मी पहिल्यांदा उघडला तेव्हा मला त्यातलं फक्त शाळेचं नाव कळलं. यंदाच्या प्रमाणित चाचणीत शाळेची कामगिरी कशी झाली हे पालकांना ‘सोप्या भाषेत’ समजावं म्हणून हा अहवाल काढला आहे, असं वरच छापलं होतं. त्याखालची सोप्या भाषेतली ओळ अशी होती : ‘इयत्तानिहाय प्रावीण्यपातळी गाठणाऱ्या विद्यार्थ्यांचे शेकडा प्रमाण’.

मी शिकलेला माणूस आहे. म्हणजे, न समजलेल्या गोष्टीवर मत देण्याइतका तरी नक्कीच. मी थेट तिसरीचा स्तंभ गाठला, कारण आमचे चिरंजीव तिसरीत आहेत. गेल्या वर्षी ७२ टक्के. यंदा ६२.५. आणि स्तंभ लाल. बाकी कशाचा अर्थ लागला नाही तरी लाल रंगाचा अर्थ माणसाला आपोआप लागतो.

पालकांच्या ग्रुपवर तोवर पेटलंच होतं. ‘साडेनऊ टक्क्यांची घसरण!!’ असा पहिला संदेश एका गृहस्थांचा होता. त्यांना आपण उत्तरदायित्ववाले म्हणू, कारण त्यांच्या प्रत्येक संदेशात हा शब्द एकदा तरी येतोच; एकदा तर तो कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांतही आला होता. कुणी म्हणालं, गणिताच्या बाई बदला. कुणी म्हणालं, बाकांची मांडणी बदला. मध्येच एका आजोबांनी सुप्रभात म्हणून गुलाबाचं चित्र टाकलं, त्यावरही दोघांनी ‘सहमत’ लिहिलं. मग मी हात घातला. लिहिलं : ‘शाळेला दोष देणं सोपं असतं. पण काही घरांतून अभ्यासाकडे मुळीच लक्ष दिलं जात नाही, हेही स्पष्ट बोलायला हवं.’

सतरा अंगठे आले. पहिला उत्तरदायित्ववाल्यांचा. दिवस छान गेला.

संध्याकाळी बायकोनं अहवाल हातात घेतला. तिला आकड्यांची भीती वाटत नाही, त्यामुळे घरात अनेकदा पंचाईत होते.

“तिसरीत मुलं किती?”

“चोवीस.”

“गेल्या वर्षी?”

“पंचवीस असतील. का?”

ती पाकिटाच्या पाठीवर काहीतरी खरडत राहिली. “पंचविसातली अठरा म्हणजे ७२ टक्के. चोविसातली पंधरा म्हणजे ६२.५. आता चोविसाचे ७२ टक्के काढ.”

मी फोनवर काढले. १७.२८ आले.

“मग कमी किती पडली?”

“सव्वादोन,” मी म्हणालो.

“सव्वादोन मुलं. तेवढ्यासाठी तुम्ही लोक सकाळपासून गणिताच्या बाईंना घालवायला निघालात.”

सव्वादोन मुलं! ती काही केल्या डोळ्यांसमोरून हलेनात. दोन धडधाकट आणि त्यांच्यामागे पाऊण भाग गायब असलेलं तिसरं, अशी वर्गाबाहेर अंगठे धरून उभी. एवढ्याशा वर्गात एकेक मूल चार टक्क्यांहून जास्त भरतं. दोघांना आदल्या रात्री ताप आला आणि एकाच्या पेन्सिलीचं टोक ऐन वेळी मोडलं, तर शाळेचा दर्जा साडेबारा टक्क्यांनी ढासळतो. हजार मुलांच्या शाळेत असले ताप आणि टोकं एकमेकांत मुरून जातात. चोविसांत ती सरळ स्तंभाला जाऊन चिकटतात.

“आणि मुख्य म्हणजे,” बायको म्हणाली, “ही ती मुलंच नाहीत. गेल्या वर्षीची तिसरी आता चौथीत बसते.”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. काल शेजाऱ्याला काट्यावर उभं केलं, आज स्वतः उभा राहिलो, आणि साडेनऊ किलोनं वजन वाढलं म्हणून घाम पुसत बसलो, असला हा मामला. तरीही मी म्हटलं, “ते काही असो, त्या सव्वादोन मुलांच्या आईबापांनी लक्ष द्यायला हवं होतं.”

हे वाक्य लक्षात ठेवा. बायकोनंही ठेवलं आहे.

अहवालाबरोबर एक बंद पाकीटही आलं होतं. त्यात चिरंजीवांचा स्वतःचा निकाल होता. शाळेच्या सांख्यिकीत गुंतल्यामुळे ते फोडायला मला सवड झाली नव्हती. ते अप्पांनी फोडलं. अप्पा म्हणजे माझे वडील. छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले.

“चारशे अडतीस,” अप्पांनी चष्मा वर ढकलत वाचलं. “कितीपैकी?”

मी कागद उलटापालटा केला. ‘पैकी’ कुठंच नव्हतं. तळटीप वाचल्यावर थोडा उजेड पडला : हे गुण नव्हेत, हा ‘स्केल स्कोअर’. दर वर्षी प्रश्नपत्रिका वेगळी, कधी सोपी, कधी अवघड. म्हणून बरोबर उत्तरांची नुसती मोजदाद न करता ती एका ठरावीक पट्टीवर बसवतात, म्हणजे यंदाचे ४३८ आणि गेल्या वर्षीचे ४३८ एकाच तोलाचे. मी हे अप्पांना आवाज चढवून दोनदा सांगितलं.

“ते समजलं. पण कितीपैकी?”

“अप्पा, त्याला पैकी नसतं.”

“पैकी नाही असा मार्क मी छत्तीस वर्षांत एकाला दिला नाही,” अप्पा म्हणाले आणि पुढच्या ओळीकडे वळले. “पर्सेंटाइल अठ्ठावन्न. म्हणजे सेकंड क्लास.”

तेही नव्हतं. अठ्ठावन्न पर्सेंटाइल म्हणजे अठ्ठावन्न टक्के गुण नाहीत. ज्या मुलांशी तुलना केली त्यांतली शंभरातली साधारण अठ्ठावन्न याच्या मागे, एवढंच. ही रांगेतली जागा आहे. आपण किती चाललो ते त्यातून कळत नाही. उद्या सगळीच मुलं दुप्पट हुशार झाली तरी रांगेतली निम्मी मागच्या निम्म्यातच उभी राहणार. अप्पांना हे पटलं, कारण रेशनच्या रांगेपासून तिकिटाच्या रांगेपर्यंत त्यांचा आयुष्यभराचा अनुभव हाच होता.

“आणि ही रेघ कसली?” त्यांनी बोट ठेवलं.

पट्टीवर ४४० च्या जागी एक जाड उभी रेघ होती. तिच्या उजवीकडे लिहिलं होतं ‘प्रवीण’. डावीकडे, रेघेला जवळजवळ टेकून, एक ठिपका होता. तो ठिपका आमचा होता.

घर शांत झालं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे पाहिलं. अंगठे आता एकोणीस झाले होते.

त्या रात्री मी जितका अभ्यास केला तितका तिसरीत असतानाही केला नसेल. दहाच मिनिटांत सापडलं की ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना जी फिकट मिशी दिसत होती ती छपाईचा दोष नव्हती. ती मापनातली त्रुटी होती : ४३८, अधिक-उणे १२. तेच मूल दुसऱ्या दिवशी, तशाच दुसऱ्या प्रश्नपत्रिकेला बसलं असतं तर ४२६ ते ४५० मध्ये कुठंही सापडण्याची बरीच शक्यता होती. म्हणजे चिरंजीव प्रवीणही असू शकतात! मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, “ही मिशी सगळ्यांच्याच ठिपक्यांना असेल ना? मग ते पंधरा आणि अठरा?” आणि कुशीवर वळली.

मग मी रेघेच्या मागे लागलो. ४४०च का? ४३५ का नाही? असं कळलं की रेघ आभाळातून पडत नाही. शिक्षक आणि तज्ज्ञ एका खोलीत बसतात, एकेक प्रश्न समोर घेतात आणि जेमतेम प्रवीण असलेलं एक काल्पनिक मूल मनात आणून विचारतात, हे मूल हा प्रश्न बरोबर सोडवण्याची शक्यता किती? त्या अंदाजांच्या बेरजेतून रेघ निघते. ही पद्धत विल्यम अँगॉफ यांच्या १९७१ सालच्या एका लेखातून आली, आणि तिचं आज सर्रास वापरलं जाणारं रूप तर तिथे तळटीपेत दिलेलं आहे. माझ्या मुलाला एका काल्पनिक मुलानं हरवलं होतं, आणि तेही तळटीपेतल्या.

आता मला झोप येईना. मी मागे मागे जात राहिलो. अमेरिकेत १९१४ साली फ्रेडरिक केली यांनी शिक्षकांच्या गुणदानावर प्रबंध लिहिला. एकच उत्तरपत्रिका दोन शिक्षकांनी तपासली तर गुण दोन, अशी तेव्हाची तक्रार. त्यावर उपाय म्हणून त्यांनी लगेच एक वाचनचाचणी काढली, जिच्यात छापलेल्या पर्यायांतून मुलांनी एक निवडायचा. तपासणाऱ्याला मत असायचं कारणच नाही. (अप्पा उत्तरपत्रिका तपासायला बसले की आधी त्यांचा मूड पाहून आम्ही खोलीत शिरायचो, त्यामुळे केलींबद्दल मला आदरच वाटला.)

पण खरा हीरो मला पहाटे दोनला भेटला. जॉन कॅनेल नावाचे एक डॉक्टर. साधे, औषधं देणारे. आपल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याची मुलं देशाच्या सरासरीच्या वर आहेत, हे त्यांना काही केल्या पटेना. म्हणून त्यांनी इतर राज्यांकडे चौकशी केली. १९८७ साली त्यांनी जाहीर केलं की प्राथमिक इयत्तांत अमेरिकेची पन्नासच्या पन्नास राज्यं आपण सरासरीच्या वर असल्याचं सांगत आहेत. सरासरीच्या खाली राहायला कुणी उरलंच नव्हतं. याचं एक कारण असं की तुलनेची ‘सरासरी’ काही वर्षांपूर्वीच्या मुलांवरून काढलेली होती, आणि दरम्यान शाळांना त्याच त्या चाचणीची सवय झाली होती. पुढे त्याच देशानं २००२ साली कायदाच केला की २०१४ पर्यंत सगळी मुलं, शंभरातली शंभर, प्रवीण झाली पाहिजेत. मुलांनी कायदा मोडला. २०१५ च्या डिसेंबरात कायदाच बदलला.

सकाळी मी हे सगळं चहासोबत मांडलं. रेघ कृत्रिम, वर्ग छोटा, तुलना चुकीची, त्रुटी अपार. बायको शांतपणे म्हणाली, “पटलं. फक्त एक सांग, काल दुपारी हे सगळं लागू नव्हतं का?”

मी चिरंजीवांकडे वळलो. “काय रे, त्या दिवशी पेपरात नक्की काय झालं?”

“काही नाही. चांगला होता.”

“सगळं सोडवलंस?”

“चार गोल राहिले.”

“का?”

त्यानं जे सांगितलं ते अँगॉफ, केली आणि कॅनेल तिघांच्याही हिशेबात बसणारं नव्हतं. वाचनाच्या पेपरात एक उतारा होता. समुद्रातलं दीपगृह, तिथं राहणारा एकटा म्हातारा आणि त्याचं मांजर. वादळाच्या रात्री दिवा विझतो आणि मांजर जिन्यावरून धावत वर जातं. बस्स, उतारा तिथंच संपला. खाली प्रश्न : ‘लेखकाने वादळाचे वर्णन कशासाठी केले आहे?’

“मग?”

“मी पान उलटून बघितलं. पुढं गणिताचे त्रिकोण होते. मांजराचं काय झालं ते दिलंच नव्हतं.”

“मग तू काय केलंस?”

“विचार करत होतो.”

“किती वेळ?”

“बाई ‘पेन्सिली खाली’ म्हणाल्या तोपर्यंत.”

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं, आणि ते थरथरत होतं.

शनिवारी पालकसभा होती. मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्यांना चौथं पान उघडायला सांगितलं, आणि एकदम खळखळ आवाज झाला, त्यावरून ते पान तोवर कुणीच उघडलं नव्हतं हे समजलं. त्यावर चौथीचा तक्ता होता. गेल्या वर्षी तिसरीत असलेली तीच पंचवीस मुलं. तेव्हा अठरा रेघेच्या वर होती, आता वीस. एखाद्या शाळेत मुलं घरूनच वाचत येतात, एखाद्या शाळेत पुस्तक पहिल्यांदा वर्गात पाहतात. दोन्हींचे नुसते टक्के शेजारी ठेवले तर शाळेपेक्षा घरांचीच परीक्षा जास्त होते, असं बाई म्हणाल्या. मूल आलं कुठून आणि गेलं कुठवर, ते या पानावर कळतं. स्तंभ हिरवा होता. हिरव्या स्तंभाबद्दल कुणीही एकही प्रश्न विचारला नाही.

मग मागून एक आवाज आला. इतका मऊ की मी वळून पाहिलं. उत्तरदायित्ववाले होते. “मॅडम, समजा काही मुलं अगदी थोडक्यात हुकली असतील. म्हणजे, उदाहरणार्थ. तर तेवढ्याच मुलांवर दोन महिने जोर लावला, तर?”

“तर आकडा नक्की वाढेल,” बाई म्हणाल्या. “आकडाच वाढेल. रेघेच्या पुष्कळ खाली असलेल्या मुलाकडे मग बघायचं कुणी?”

ते खाली बसले. मला त्यांच्या ‘उदाहरणार्थ’मध्ये काहीतरी ओळखीचं वाटलं.

सभा संपल्यावर जिन्यात ते माझ्याजवळ आले. आधी हवेबद्दल बोलले. मग इकडंतिकडं पाहून, आवाज खाली आणून म्हणाले, “तुमच्याकडे कितीवर आहे?”

“चारशे अडतीस,” मी म्हणालो. “तुमच्याकडे?”

“छत्तीस.”

आम्ही थोडा वेळ काही बोललो नाही. मग त्यांनी माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. जिन्यावरून इतर पालक उतरत होते. आम्ही दोघं कठड्याला टेकून प्रत्येकाचा चेहरा निरखत उभे राहिलो. दोन तर सापडले होते; आता पाव तेवढा शोधायचा होता.