सोडियमला इलेक्ट्रॉन ‘नकोसा’ नसतो

दहावीच्या मुलांसाठी फिरणाऱ्या एका पोस्टचा दावा असा: सोडियमला एक इलेक्ट्रॉन नकोसा असतो, क्लोरीनला हवा असतो, देवाणघेवाणीने दोघांचे अष्टक (बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होते, ऊर्जा बाहेर पडते आणि मिठाचा रेणू बनतो. अशी सगळी संयुगे पाण्यात विरघळतात आणि वीज वाहून नेतात. गुण मिळायला हे पुरत असेल, पण यातले बरेचसे चूक आहे.

‘इलेक्ट्रॉन नकोसा असतो.’ मग तो काढायला एवढी ऊर्जा का लागते? वायुरूप सोडियमच्या एका मोलसाठी (मोल म्हणजे अणू मोजायचे ठरावीक माप) ४९६ किलोज्यूल. क्लोरीन तो घेताना परत मिळतात फक्त ३४९. त्याआधी घन सोडियमचे सुटे अणू करायला १०७ आणि अर्धा मोल क्लोरीन वायू फोडायला १२२ खर्च झालेलेच असतात. जमाखर्च मांडला तर ३७६ किलोज्यूलचा तोटा! तो भरून निघतो जालक ऊर्जेतून: विरुद्ध प्रभारांचे आयन (इलेक्ट्रॉन गमावून किंवा मिळवून प्रभारित झालेले अणू) स्फटिकात रचले जाताना ७८७ किलोज्यूल सुटतात. तोटा वळता केला की ४११ उरतात; मीठ तयार होताना बाहेर पडणारी उष्णता ती हीच. बंध म्हणजे देवाणघेवाण नव्हे, तर तिच्यातून तयार झालेल्या आयनांमधले आकर्षण.

‘अष्टकासाठी सगळे घडते.’ ऑक्सिजनच्या सुट्या अणूवर दुसरा इलेक्ट्रॉन चढवायला, अष्टक पूर्ण होत असूनही, ऊर्जा घालावी लागते. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये तो टिकतो तो स्फटिकाच्या जोरावर. जस्ताच्या आयनाच्या बाहेरच्या कवचात तर १८ इलेक्ट्रॉन असतात.

‘मिठाचा रेणू.’ स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाला सहा क्लोराइड आयन वेढतात आणि प्रत्येक क्लोराइडला सहा सोडियम. यातली ‘जोडी’ कोणती, ते दाखवताच येत नाही. सूत्र फक्त १:१ हे प्रमाण सांगते.

‘सगळी विरघळतात.’ १०० मिलिलिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळते. बेरियम सल्फेट मात्र लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅम. बेरियमचा आयन विषारी असूनही पोटाच्या एक्स-रेआधी हे सल्फेट पाजता येते, ते याच कारणाने. बेरियम कार्बोनेटही पाण्यात फारसे विरघळत नाही, पण जठरातल्या आम्लात विरघळते आणि जीव घेऊ शकते.

‘वीज वाहून नेतात.’ घनरूपात नाही, कारण आयन जागचे हलू शकत नाहीत. ८०१ अंश सेल्सिअसला वितळल्यावर किंवा पाण्यात विरघळल्यावर ते मोकळे होतात. पडताळायला ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रोध, एलईडी आणि पेन्सिलच्या शिशाच्या दोन कांड्या पुरतात. कोरड्या मिठातही एलईडी मिणमिणला, तर बहुधा मीठ दमट असते; मॅग्नेशियम क्लोराइडची भेसळ हवेतले पाणी ओढते. मीठ तव्यावर तापवा, थंड करा, मग तपासा. द्रावणाची चाचणी मात्र अर्ध्या मिनिटात आटपा आणि खिडकी उघडी ठेवा, कारण धन टोकाशी क्लोरीन सुटतो.