बाकावर टॅब ठेवला म्हणजे विधानसभा डिजिटल झाली का?

परवा एका ग्रुपवर फोटो आला, कुठल्यातरी विधानसभेतले बाक, प्रत्येक बाकावर टॅब, आणि खाली 'आता विकास सुसाट' वगैरे. मी जरा तिरकं लिहिलं तर दोघातिघांनी 'तुला सगळ्यालाच नावं ठेवायची सवय आहे' म्हणून सुनावलं. तिथे वाद घालत बसण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहितो, मोठं होणार आहे, कंटाळा आला तर पुढे सरका.

आधी चांगलं ते चांगलं म्हणू. हिमाचलची विधानसभा २०१४ च्या ऑगस्टमधे पेपरलेस झाली, देशात पहिली. मग त्याच धर्तीवर केंद्राने 'नेवा' आणलं, नॅशनल ई-विधान ॲप्लिकेशन, म्हणजे सगळ्या राज्यांच्या सभागृहांसाठी एकच सॉफ्टवेअर, खर्चातला ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० राज्याचा, ईशान्येकडच्या आणि डोंगरी राज्यांना तर ९० टक्के केंद्राकडून. २०२२ च्या मार्चमधे नागालँडने पूर्ण कामकाज त्यावर नेलं, ६० आमदारांचं छोटं सभागृह, कामकाजपत्रिका, प्रश्नोत्तरं, विधेयकं सगळं स्क्रीनवर. यात वाईट काहीच नाही. आपल्याकडे हिवाळी अधिवेशन आलं की मुंबईहून नागपूरला फायलींचे गठ्ठे ट्रकमधे घालून नेतात, ते वाचलं तर बरंच आहे की.

पण कागद वाचला हा फायदा सचिवालयाचा झाला. गावात बसलेल्या माणसाला त्यातून काय मिळालं?

विधिमंडळ विकासाला नेमकी काय मदत करतं हे बघायचं तर आपल्याच घरचं उदाहरण आहे, वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती होते, रोजगार हमीची कल्पना त्यांची, १९७२ च्या दुष्काळात तिने लाखो लोकांना जगवलं, मग १९७७ ला विधिमंडळाने त्याचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला आणि २००५ ला संसदेने तेच सूत्र धरून देशभराचा कायदा केला. सभागृहात बसलेल्या माणसाच्या डोक्यातून निघालेली गोष्ट देशभर गेली, तेव्हा काय टॅब नव्हते! पण २००५ च्या कायद्यात एक गोष्ट लिहून ठेवलेली होती, ती म्हणजे सगळे हिशोब आणि रेकॉर्ड लोकांना तपासायला खुलं राहील. तसं कायद्यातच होतं म्हणून पुढे वेबसाईटवर जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असं करत करत मस्टरपर्यंत, म्हणजे कामाच्या हजेरीपटापर्यंत, जाता यायला लागलं, कुणाच्या नावावर किती दिवस काम लागलंय हे गावातलं पोरगं मोबाईलवर काढून ग्रामसभेत विचारायला लागलं. घोटाळे थांबले असं मी म्हणत नाही, पण पकडता यायला लागले. माझ्या मते विधिमंडळाने टेक्नॉलॉजी वापरायची म्हणजे अशी, कायदा करतानाच त्यात माहिती कुठली, कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत उघडी करायची ते घालून टाकायचं, म्हणजे नंतर खात्याच्या मर्जीवर काही राहत नाही.

आता हाच नियम सभागृहाने स्वतःला लावला तर? तारांकित प्रश्नांची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांची, उत्तरं वाचलीत का कधी? 'हे खरे आहे काय' असं विचारलेलं असतं आणि उत्तर येतं 'हे अंशतः खरे आहे' नाहीतर 'प्रश्न उद्भवत नाही'. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, लागली की मंत्री उभे राहून सांगतात, तीन महिन्यांत चौकशी पूर्ण करू, दोषींवर कारवाई करू, पुलाचं काम मार्चआधी सुरू करू. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, आमदारांच्या कार्यकर्त्यांचे फ्लेक्स. आणि मग? सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते, हे किती जणांना माहितीय? दिल्लीत संसदीय कार्य मंत्रालयाने २०१८ ला आश्वासनांवर लक्ष ठेवायला ऑनलाइन सिस्टिम सुरू केली, तिथे दिलेलं आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असा दंडक आहे. मला ती सिस्टिम खात्यांसाठी नकोय, लोकांसाठी पाहिजे. म्हणजे मी माझ्या तालुक्याचं नाव टाकलं की गेल्या दहा वर्षांत आमच्या तालुक्याबद्दल सभागृहात कोण काय बोललं, मंत्र्यांनी काय कबूल केलं, त्यातलं काय झालं, काय नाही, सगळं एका पानावर. यात कुठलंही रॉकेट सायन्स नाही हो.

अडतं कुठे माहितीय? मराठी सरकारी पीडीएफमधे. निम्म्या पीडीएफ स्कॅन केलेल्या, वाकड्या, त्यावर शिक्का, आणि ज्या टाईप केलेल्या आहेत त्यातल्या जुन्या सगळ्या युनिकोडच्या (कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखी दिसणारी, शोधता येणारी अक्षरं) आधीच्या फॉन्टमधे, कॉपी करून पेस्ट केलं की नुसती चिन्हांची खिचडी. गुगलला त्यातलं ओ की ठो कळत नाही. माणसाला वाचता येतं पण शोधता येत नाही अशी माहिती, मग ती लपवलेलीच म्हणायची ना, कुणी मुद्दाम लपवली नसली तरी. टॅबचा पैसा बाजूला ठेवा आणि आधी जुन्या चर्चांचं सगळं रेकॉर्ड युनिकोडमधे आणा, १९६० पासूनचं. पोरं फुकट ॲप बनवून देतील त्यावर, इंजिनिअर काय कमी आहेत का महाराष्ट्रात.

आणि आकडा सापडला की काय होतं ते आपण बघितलंय. दरवर्षी बजेटच्या आधी आर्थिक पाहणी अहवाल सभागृहात ठेवतात, जाडजूड पुस्तक, कोण वाचतंय. पण २०१२ साली त्यातल्या एका तक्त्यावरून अख्खं राज्य हललं, दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी खर्चून सिंचन वाढलं जेमतेम ०.१ टक्का असा हिशोब लोकांनी मांडला, त्यावर राजीनामा झाला, श्वेतपत्रिका निघाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. पुढचं जास्त महत्त्वाचं आहे, त्यानंतर कित्येक वर्षं ओलिताखालच्या क्षेत्राचा तो आकडा पाहणीत 'उपलब्ध नाही' असाच येत राहिला. घ्या आता! सॅटेलाइट आहेत, शेतातलं पीक वरून मोजता येतं, आणि राज्यात पाणी किती शेतापर्यंत पोचलं हे सांगता येत नाही. इथे सॉफ्टवेअर कामाचं नाही, इथे सभागृहाने दरडावून सांगायला पाहिजे की हा तक्ता भरल्याशिवाय जलसंपदा खात्याच्या बजेटमधल्या मागण्या मंजूर करणार नाही. २८८ आणि ७८ असे ३६६ लोक आहेत दोन्ही सभागृहांत, एकाने तरी अडून बसावं.

दुसरी गोष्ट लोकांचं म्हणणं ऐकण्याची. जनसुरक्षा विधेयक आठवतंय ना, ते संयुक्त समितीकडे गेलं, लोकांकडून सूचना आणि हरकती मागवल्या, १२ हजारांहून जास्त आल्या. विधेयक चांगलं की वाईट हा वाद इथे नको, त्याच्यावर भांडायला वेगळी पोस्ट लिहितो. पण इतक्या लोकांनी वेळ काढून लिहिलं आणि २०२५ च्या जुलैमधे विधेयक मंजूर झालं, मग माझ्या हरकतीचं काय झालं हे लिहिणाऱ्याला कळायला नको का? कलमवार सगळ्या सूचना टाका ना ऑनलाइन, नावं झाका हवं तर, अमुक मान्य, तमुक अमान्य आणि का अमान्य ते एका ओळीत. ब्राझीलने हे करून दाखवलंय, २०१४ चा त्यांचा इंटरनेटवरचा कायदा, मार्को सिव्हिल, त्याच्या मसुद्यावर २००९-१० मधेच वेबसाईटवर उघड चर्चा झाली, कुणी काय लिहिलं ते सगळ्यांना दिसत होतं. आपल्याकडे केंद्राचं २०१४ पासूनचं धोरण आहे की मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा. धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे पाळलं तर पाळलं.

मतदानाचंही तसंच. 'होय'चे बहुमत, मंजूर, संपलं. आवाजी मतदानात माझा आमदार होय म्हणाला, नाही म्हणाला, की कॅन्टीनमधे चहा पीत होता, काही नोंद नाही. लोकसभेत बटण दाबून मत नोंदवायची यंत्रणा कितीतरी वर्षांपासून आहे, तिथेसुद्धा बहुतेक विधेयकं आवाजीनेच जातात. म्हणजे मशीन असूनही नोंद नको असेल तर मशीन काय करणार.

भाषेच्या बाबतीत मात्र संसदेचं कौतुक केलं पाहिजे, मनापासून. तिथलं कामकाज आता मराठीसकट बऱ्याच भाषांमधे ऐकता येतं, दुभाषे बसवलेत. आमच्या आईला हिंदी भाषण अर्धं कळतं, मराठीत ऐकलं तर ती मधेच 'हा खोटं बोलतोय' असंही म्हणते. आपल्या विधिमंडळाने हेच मराठीतून पुढे न्यावं, आदिवासी भागाबद्दल चर्चा असेल तर गोंडी, कोरकू, भिली अशा भाषांतून निदान पाच मिनिटांचा ऑडिओ सारांश काढावा, व्हॉट्सॲपवर फिरेल असा. ए.आय.ने भाषांतर करून तसंच टाकू नका फक्त, कुणीतरी त्या भाषेचा माणूस आधी ऐकू दे.

शेवटी एक शंका राहतेच. प्रश्न ऑनलाइन टाकायचं आमदारांचं लॉगिन चालवतं कोण? बहुतेक ठिकाणी पीए, नाहीतर पुतण्या. लोकसभेत लॉगिन दुसऱ्याला दिल्यावरून २०२३ च्या डिसेंबरमधे एका खासदारांचं सदस्यत्व गेलं, त्यात राजकारण किती आणि नियम किती हे ज्याने त्याने ठरवावं, पण प्रश्न टाकणारा नक्की कोण हा मुद्दा खरा आहे. टॅबबरोबर दोन दिवसांचं ट्रेनिंग आमदारांना स्वतःला द्या, पीएला बाहेर बसवा.

आमच्याकडच्या आमदारांच्या ऑफिसला मी एकच मागणी पाठवलीय, या टर्ममधे तालुक्याबद्दल सभागृहात मिळालेल्या सगळ्या आश्वासनांची यादी युनिकोडमधे टाईप करून द्या, एक्सेल असली तरी चालेल, पुढचं आम्ही बघतो. तुम्हीही आपापल्या आमदारांकडे मागा. आणि ज्यांनी विधानभवनात काम केलंय किंवा पत्रकार म्हणून गॅलरीत बसलेत त्यांनी आश्वासन समितीचं काम आतून कसं चालतं ते जरूर लिहा, मला ते खरंच समजून घ्यायचंय.