पाडायचं की सावरायचं? विद्यापीठांच्या जुन्या इमारतींवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

विद्यापीठांच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आक्षेप थोडक्यात असे: साठ वर्षांच्या इमारतींवर डागडुजीचा पैसा घालण्यापेक्षा त्या पाडून नव्या बांधाव्यात, मी गच्ची आणि वायरिंगवर पानं भरली, पण विद्यार्थ्यांना हवे असलेले डिजिटल वर्ग शेवटी उरकले, सौर पॅनलबद्दलचं माझं वाक्य विरोधाचं वाटतं. शिवाय ओघात तुम्ही म्हटलंय की व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याचा लेखात उल्लेखच नाही. ही चूक माझीच, म्हणून आधी तीच दुरुस्त करतो.

जोतं ६० सेंटिमीटर उंच असेल तर १:१२ उताराचा रॅम्प ७.२ मीटर लांब लागतो. प्रत्यक्षात तो पायऱ्यांशेजारी उरलेल्या तीन मीटर जागेत कोंबला जातो, म्हणजे उतार १:५. त्यावर व्हीलचेअर एकट्याला चढवता येत नाही आणि उतरताना पुढे कलंडते. जागा कमी असेल तर रॅम्प मधे सपाट टप्पा देऊन वळवावा, पण उतार वाढवू नये. स्वच्छतागृहाच्या दारातून ९० सेंटिमीटर मोकळी वाट मिळायला हवी, दार बाहेर उघडायला हवं आणि आत खुर्ची वळवायला दीड मीटरचं वर्तुळ मोकळं हवं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. हे लेखात यायलाच हवं होतं.

आता पाडण्याचा मुद्दा. मराठवाडा विद्यापीठ १९५८चं, शिवाजी विद्यापीठ १९६२चं. त्या पिढीच्या आरसीसी (लोखंडी सळई घातलेल्या काँक्रीटच्या) इमारती आता साठीला आल्यात, त्यामुळे हा प्रश्न सगळीकडेच उभा राहणार आहे. पण इमारतीचं वय हा पाडण्याचा निकष होत नाही. मुंबई विद्यापीठाचं फोर्टमधलं ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर १८७८चे. गेल्या दशकात त्यांचं जतनकाम झालं आणि ग्रंथालय आजही ग्रंथालयच आहे. दगडाची आणि आरसीसीची थेट तुलना होत नाही हे मान्य. दगड गंजत नाही, सळई गंजते. म्हणूनच आरसीसीत वर्षं मोजण्यापेक्षा सळईची अवस्था तपासावी लागते.

त्यातली एक तपासणी कुणालाही डोळ्यांनी पाहता येते. कॉलमचं प्लास्टर काढून काँक्रीटचा ताजा टवका उडवायचा, धूळ झटकायची आणि फिनॉल्फ्थॅलीनचा (अल्कली असेल तिथे गुलाबी होणाऱ्या रसायनाचा) फवारा मारायचा. चांगलं काँक्रीट लगेच गडद गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ज्याची, सळईला गंजापासून वाचवणारी, अल्कली संपवली तो बाहेरचा थर मात्र रंग धरत नाही. तो थर पट्टीने मोजायचा. सळईवरचं कव्हर (तिला झाकणारा काँक्रीटचा थर) ४० मिलिमीटर आणि रंगहीन थर १५ मिलिमीटर असेल, तर सळईचं संरक्षण शाबूत आहे. कव्हर २० आणि थर ३० निघाला, तर ओल मिळताच सळई गंजणार. जोडीला सळईचा विद्युत दाब मोजणारी हाफ-सेल चाचणी घ्यावी. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं, तर तिथे गंज सुरू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात.

ताकदीसाठी कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने, काढतात. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे कोअरची सरासरी त्या ग्रेडच्या (ठरलेल्या ताकदीच्या) किमान ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. इथे एक चूक वारंवार होते: त्या काळी १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणाचं, म्हणजे साधारण एम१५ चं (आकडा मोठा तेवढी ताकद जास्त) काँक्रीट सर्रास वापरलं जाई, आणि अहवालात तुलना होते आजच्या एम२५ शी. मग धडधाकट इमारतही 'नापास' ठरते. मूळ डिझाइनची ग्रेड शोधा, आजचं वजन त्या ताकदीवर तपासा आणि मगच निर्णय घ्या.

पाडणं योग्य ठरतं अशा इमारती आहेतच. किनाऱ्याजवळ काँक्रीटमध्ये क्लोराइड (खाऱ्या हवेतलं मीठ) खोलवर मुरलं असेल, तळमजल्याचे बहुतेक कॉलम नापास होत असतील, किंवा भूकंपासाठी करावं लागणारं जॅकेटिंग (कॉलमभोवती नवा थर चढवून तो जाड करणं) प्रत्येक वर्गाची रचना मोडणार असेल, तर तुमचं म्हणणं बरोबर. भूकंपात लवचीक राहील अशा सळईबांधणीचं मानक, आयएस १३९२०, आपल्याकडे १९९३ मध्ये आलं. त्याआधीच्या इमारतीत कॉलम-बीम जोडातल्या रिंगा (उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या कड्या) उघडून पाहिल्याशिवाय 'दुरुस्त होईल' असं मीही म्हणणार नाही. पण हा निर्णय चाचण्यांवर घ्यावा. भिंतीच्या पोपड्यांवरून घेऊ नये.

दुरुस्ती फुकट जाते असा तुमचा अनुभव आहे आणि त्यावर मी वाद घालणार नाही. ती का फुकट जाते ते सांगतो. स्लॅबचा पोपडा पडला की गवंडी तेवढाच भाग सिमेंटने भरतो. सळईची मागची बाजू तशीच गंजलेली राहते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, त्यामुळे दोन-तीन पावसाळ्यांत नवा थरही सुटतो. त्याहून वाईट म्हणजे नव्या मसाल्यातली सळई सुरक्षित होते आणि गंजण्याचं काम ठिगळाच्या कडेबाहेरच्या जुन्या काँक्रीटमध्ये सरकतं. म्हणून सळईच्या मागे २० ते २५ मिलिमीटर जागा होईपर्यंत काँक्रीट फोडावं लागतं, सळई चमकेपर्यंत घासावी लागते, बरीच झिजली असेल तर नवी जोडावी लागते. मग गंजरोधक लेप, बाँड कोट (जुनं-नवं चिकटवणारा लेप) आणि पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला) पातळ थरांत. अंदाजपत्रकात 'प्लास्टर दुरुस्ती, प्रति चौरस मीटर' एवढीच बाब असेल तर यातलं काहीही होणार नाही, कारण ठेकेदाराला फक्त प्लास्टरचे पैसे मिळणार आहेत. प्रत्येक पायरी वेगळी बाब म्हणून लिहा आणि एमबीत (बिलासाठीच्या मोजमाप-वहीत) नोंद करण्याआधी उघडी सळई इंजिनिअरने पाहिलीच पाहिजे अशी अट घाला.

गच्चीवर मी इतकं का लिहिलं, तर या सगळ्या गंजाला पाणी तिथून मिळतं. गळती झाली की जुन्या कोब्यावर (विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थरावर) नवा कोबा चढवतात. १०० मिलिमीटर विटांच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला १९०-२०० किलो होतं. वावर असलेल्या गच्चीसाठी डिझाइनमध्ये धरतात तो चलभार (माणसं-सामानाचं वजन) साधारण १५० किलो. म्हणजे गळती थांबवण्याच्या नावाखाली आधीच गंजलेल्या स्लॅबवर आपण तिच्या पूर्ण चलभाराहून जास्त ओझं कायमचं ठेवतो. जुने थर काढा, स्लॅबच्या भेगा भरा, १:१०० चा ढाळ द्या आणि पॅरापेटला (गच्चीच्या कठड्याला) वाटा (कठडा आणि गच्चीच्या कोपऱ्यातला गोलाकार मसाला) नीट वळवा. पाणी बहुतेक वेळा मधून न शिरता वाट्यातून आणि रेनवॉटर पाइपच्या तोंडाशी शिरतं. मग तोंडं बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवा. खालच्या मजल्यावर छताला हात लावून ओल तपासल्याशिवाय बिल मंजूर करू नका.

डिजिटल वर्ग मलाही हवेत. पण जुन्या वर्गात मूळ वायरिंग चार ट्यूब आणि चार पंख्यांचं आहे, म्हणजे अर्ध्या किलोवॅटच्या आसपास. दीड टनाचे दोन एसी, प्रोजेक्टर आणि चार्जिंगचे पॉइंट आले की भार साडेतीन-चार किलोवॅटवर जातो. एसीला ४ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र वायर, प्रत्येक मजल्याला वेगळा डीबी (वीजवाटपाची पेटी), प्लगच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि मोजून घेतलेलं अर्थिंग, एवढं आधी हवं. न्यूट्रल (करंट परत नेणारी) वायर फेजइतकीच (करंट आणणाऱ्या वायरइतकीच) जाड ठेवा. संगणक आणि एलईडीच्या हार्मोनिक (मूळ लहरीच्या पटीतल्या जादा) करंटमुळे ती फेजपेक्षाही तापू शकते, आणि सैल न्यूट्रल सुटली की एका फटक्यात मजल्यावरची यंत्रं जळतात. एसी घेण्याआधी पंखे बदला: साधा पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) ३० च्या आसपास. शंभर पंख्यांत साडेचार किलोवॅट मोकळे होतात.

सौर पॅनलला माझा विरोध नाही. एका किलोवॅटला सुमारे १० चौरस मीटर जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, हे कुठल्याही महाविद्यालयाला फायद्याचंच आहे. माझी हरकत क्रमाला आहे. नव्या वॉटरप्रूफिंगला भोकं पाडून स्टँडचे अँकर बसवले की ठेकेदाराची हमी तिथेच संपते, आणि पुढची पंचवीस वर्षं त्या पॅनलखालची गच्ची दुरुस्त करायला पॅनल उतरवावी लागतात. स्टँडचे काँक्रीटचे पाये आधी स्लॅबला धरून ओता, वॉटरप्रूफिंग त्यांच्या अंगावर चढवून घ्या आणि पॅनल सर्वांत शेवटी बसवा.

तुम्ही विचारलंय की एवढं सगळं परीक्षांच्या वेळापत्रकात बसवायचं कुठे. ऑगस्टमध्ये भर पावसात फिरून गळतीच्या जागा नकाशावर नोंदवून घ्या. उन्हाळ्यात त्या सापडत नाहीत. चाचण्या दिवाळीच्या सुट्टीत. गच्चीचं काम डिसेंबर ते मार्च, म्हणजे क्युरिंग (पाणी मारून पक्कं करणं) नीट होतं. वायरिंग आणि स्वच्छतागृहं मे महिन्यात, एका वेळी एकच मजला. रॅम्पला मात्र सुट्टीची गरज नाही. तो याच महिन्यात सुरू करता येतो.