‘व्हॉल्व्ह गळतोय? छत्री बसवा, उद्या घरी!’ इतकं सोपं नाही

एक मेसेज सगळ्या ग्रुपांवर फिरतोय: हृदयाच्या बदललेल्या व्हॉल्व्हला लीक असेल तर आता छाती उघडायला नको, मांडीतून तार घालून छत्री (फट बुजवणारं, छत्रीसारखं उघडणारं जाळीचं बूच) बसवतात, तासाभराचं काम, एक छत्री बसवली की झालं, लगेच बरं वाटतं, कुणालाही चालतं.

‘कुणालाही चालतं’ हे सरळ चूक. छत्री चालते ती व्हॉल्व्हच्या कडेच्या लीकला, म्हणजे टाके घातलेली कडा आणि हृदयाची भिंत यांच्यात राहिलेल्या फटीला. व्हॉल्व्हला जंतुसंसर्ग चालू असेल, किंवा टाके इतके सुटले असतील की अख्खा व्हॉल्व्हच डुलतोय, तर छत्रीचं नाव काढू नये. आणि लीक किरकोळ, त्रास काही नाही, तर बहुधा नुसतं लक्ष ठेवतात.

‘तासाभराचं काम’ वाचून मला हसू आलं. मी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतो. तार आत जाण्याआधीचं काम कुणी मोजतच नाही. छातीवरून केलेल्या इकोत धातूच्या मायट्रल व्हॉल्व्हची (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेची) सावली पडते आणि नेमका लीक लपतो. म्हणून अन्ननलिकेतून थ्रीडी इको. त्यात व्हॉल्व्ह घड्याळासारखा वाचायचा: महाधमनी १२ वर, डाव्या कर्णिकेचा (वरच्या कप्प्याचा) कोपरा ९ वर. फट ९ च्या बाजूला असेल तर मांडीच्या शिरेतून, कर्णिकांमधला पडदा भेदून, तिथे बऱ्यापैकी सरळ पोचता येतं. पडद्याला खेटून, ३ च्या बाजूला असेल तर कॅथेटर (आत घातलेली बारीक नळी) तिथे वळता वळत नाही. कधी बरगड्यांमधून हृदयाच्या टोकाशीच शिरावं लागतं. मग मांडी राहिली बाजूला! तिथे सुई घालताना वाटेत फुप्फुस किंवा हृदयाची रक्तवाहिनी येते का, हे आधी सीटीवर बघतात.

‘एक छत्री बसवली की झालं’ हेही नाही. फट सहसा गोल नसते, चंद्रकोरीसारखी असते. मोठी गोल छत्री घातली तर टोकं उघडी राहतात आणि तिची कड व्हॉल्व्हच्या उघड-मीट करणाऱ्या चकतीला अडू शकते. म्हणून बऱ्याचदा दोन-तीन लहान बसवतात. सोडण्याआधी एक्स-रेवर चकती नीट हलतेय ना, ते बघायचं. अडली तर छत्री मागे ओढायची. आपल्याकडे अनेकांना बसवलेल्या, भारतातच बनणाऱ्या चित्रा व्हॉल्व्हमध्ये कलणारी चकती एकच असते, त्यामुळे ती कुठल्या बाजूला उघडते हे आधीच कळलेलं बरं. व्हॉल्व्हचं कार्ड सोबत आणा म्हणतो ते यासाठीच.

राहिला ‘लगेच बरं वाटतं’ हा दावा. धाप कमी होते बऱ्याच जणांची. पण लीकमुळे तांबड्या पेशी फुटून लघवी गडद होत असेल, तर उरलेल्या बारीक फटीतून, छत्रीच्या जाळीला घासत जाणारी धार कधीकधी त्या आणखी फोडते. अशा पेशंटचं हिमोग्लोबिन आणि एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) नंतरही तपासत राहावं लागतं.