पागा विकणे आहे

स्लाऊच्या भाड्याच्या फ्लॅटात नऊ वर्षे काढल्यानंतर आमच्या घरात असे ठरले की, इंग्लंडात राहायचेच तर इंग्लंड दिसेल अशा जागी राहावे. आणि त्याच आठवड्यात ग्लॉस्टरशरमधल्या एका जुन्या जमीनदारी इस्टेटीच्या आवारातले ‘ऐतिहासिक म्यूझ घर’ विकाऊ असल्याची जाहिरात माझ्या पाहण्यात आली. म्यूझ या शब्दाचे काव्याच्या स्फूर्तिदेवतेशी काही नाते असावे अशी माझी, म्हणजे एके काळी कॉलेजच्या भित्तिपत्रकात कविता लिहिणाऱ्या माणसाची, समजूत झाली आणि मी ताबडतोब शनिवारची वेळ मागून घेतली.

खरा अर्थ शुक्रवारी रात्री कळला. लंडनला चेरिंग क्रॉसपाशी राजाचे शिकारी ससाणे पिसे गाळण्याच्या दिवसांत जिथे ठेवत, ती जागा म्हणजे मूळची म्यूझ. १५३४ मध्ये ती जळाली, पुढे तिथे राजाच्या घोड्यांचे तबेले उभे राहिले, नाव मात्र ससाण्यांचेच टिकले, आणि कालांतराने श्रीमंतांच्या घरामागच्या तबेल्यांनाही ते चिकटले: खाली घोडे आणि बग्ग्या, वर गवताचा माळा आणि कोचमनचे बिऱ्हाड. त्या मूळ जागेवर आता नॅशनल गॅलरी आहे. पक्षी गेले, घोडे आले. घोडे गेले आणि आता नंबर आमचा होता.

साताऱ्याला फोनवर आईला हे समजावताना मला ‘पागा’ हाच शब्द सुचला, आणि तिथे माझे चुकले.

“पागा विकत घेतोयस?” आई म्हणाली. “आमच्या माहेरच्या वाड्यात होती की. सरपण आणि मोडकी सायकल ठेवायचे तिच्यात. केवढ्याला देताहेत?”

“सव्वासहा लाख पौंड.”

“घोड्यासकट?”

प्रत्यक्ष घर देखणे होते, हे मान्य केले पाहिजे. बग्गी आत घेण्याच्या कमानीला काच लावून तिची खिडकी केलेली होती, आणि भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या अजून शाबूत होत्या. एजंट त्यांचा उल्लेख ‘ओरिजिनल फीचर’ असा, देवळातल्या पुजाऱ्याने मूर्तीकडे बोट दाखवावे तशा स्वरात करत होता. स्वयंपाकघराच्या विटांच्या फरशीला एक हलका उतार आणि मध्ये पन्हळ होती. तिचे प्रयोजन त्याने सांगितले नाही, पण जिथे घोडे रात्रभर उभे राहत तिथे पन्हळ कशाला लागते, हे ओळखायला मला फार विचार करावा लागला नाही. वर जाताना तुळईवर डोके आपटले. उतरताना पुन्हा आपटले. तो कोचमन बहुधा आमच्या आईच्या उंचीचा असावा.

“इथे एक्झॉस्ट फॅन बसवता येईल ना?” पत्नीने विचारले. फोडणीचे हे साधे प्रकरण सरळ कायद्यात शिरले. घर ‘ग्रेड टू’ म्हणून सरकारी यादीत नोंदलेले असल्यामुळे भिंतीला पंख्यापुरते भोक पाडायचे तरी कौन्सिलची परवानगी हवी, आणि अशा घराचे रूप परवानगीवाचून बदलणे हा फौजदारी गुन्हा आहे. एकेरी काचांच्या खिडक्यांतून येणारा वाराही ऐतिहासिक असल्याने तोही सांभाळायचा. माळ्यावर वटवाघळे होती. त्यांना १९८१ च्या कायद्याचे संरक्षण आहे, आणि ती बाहेरगावी गेलेली असली तरी त्यांच्या बिऱ्हाडाला हात लावता येत नाही. नऊ वर्षे भाडेकरू राहिलेल्या मला त्या वटवाघळांचा मनापासून हेवा वाटला.

शिवाय घर आमच्या मालकीचे होणारच नव्हते. जमीन इस्टेटीची आणि आमच्याकडे ९९९ वर्षांचा पट्टा, त्यातली ९५८ शिल्लक. “मग नंतर कुठे जाणार?” असे आईने रात्री काळजीने विचारले.

सामायिक खर्चाच्या यादीत रस्ता, सांडपाणी, माळी आणि ‘हा-हा दुरुस्ती’ अशी एक बाब होती. हा-हा म्हणजे काय, हे विचारण्यापूर्वी मी फोटोत संपूर्ण घर यावे म्हणून हिरवळीवरून मागे मागे सरकत गेलो आणि एकाएकी जमिनीतून नाहीसा झालो. वरून एजंट धावत आला आणि म्हणाला, “हा-हा!” माणूस कमरेपर्यंत चिडला आहे, गुडघ्यापर्यंत चिखलात आहे, आणि वर उभा असलेला दलाल हसतो आहे, असाच माझा ग्रह झाला. तो बिचारा नाव सांगत होता. अठराव्या शतकातल्या जमीनदारांना दिवाणखान्यातून दूरवर चरणारी गुरे दिसायला हवी असत, ती अंगणात मात्र नको असत आणि कुंपणही दिसायला नको असे. म्हणून त्यांनी एका बाजूला भिंत असलेला हा खंदक जमिनीत लपवला. घराच्या बाजूने तो अजिबात दिसत नाही. त्यात गुरे पडत नाहीत. गिऱ्हाईक पडते, आणि तेही दुरुस्तीची वर्गणी भरायच्या आधीच.

निघताना, केवळ आईला दिलेल्या शब्दाखातर, मी विचारले की या आवारात घोडा ठेवता येईल का. त्याने पट्ट्याची पाने उलटली, कलम सापडल्यावर ते मनातल्या मनात वाचले आणि अत्यंत दिलगिरीने सांगितले की कोंबड्या, डुकरे आणि घोडे यांना इथे सक्त मनाई आहे.

मी हे आईला कळवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे घोडं तिथंच पेंड खातंय म्हणायचं.”